कोल्हापुरात राहून फ्रीलान्स फोटोग्राफी: जंगल, डॉक्युमेंटरी आणि सिनेमाचे स्टिल्स यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कलाशाखेची मुलं, त्यांचे आईवडील, एखाद्या नव्या सिनेमाचा प्रॉडक्शन कंट्रोलर (शूटिंगची व्यवस्था बघणारा), साखर कारखान्याच्या ऑफिसातला माणूस असे सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. फोनवर उत्तरं अर्धवट राहतात, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो. मी कोल्हापुरात राहतो आणि जंगलाचे फोटो, डॉक्युमेंटरी आणि सिनेमाचे स्टिल्स, म्हणजे सेटवर काढलेले स्थिर फोटो, ही तिन्ही प्रकारची कामं इथूनच करतो.

तिन्ही कामं एकट्याला कशी जमतात? एकाच प्रकारात नाव काढलेलं बरं नाही का?

जंगल, कुस्तीची तालीम आणि सिनेमाचा सेट यांचा वरवर पाहता एकमेकांशी संबंध नाही. पण कॅमेरा घेऊन उभं राहिलं की तिन्हीकडे एकच गोष्ट जाणवते: समोर जे चाललंय ते आपल्यासाठी चाललेलं नाही. गवा चरायला आलाय, पैलवान मेहनत करायला आलाय, नट त्याचा सीन करायला आलाय. कुणाचाही खोळंबा न करता आपण तिथं असायचं आणि पुढं काय होणार याचा अंदाज आधी बांधायचा. हा अंदाज एका भेटीत येत नाही. त्यामुळं माझा बराचसा वेळ त्याच त्याच ठिकाणी पुन्हा जाण्यात जातो; फोटो काढण्यात त्या मानानं थोडाच.

पैशाचा हिशेबही याच बाजूचा आहे. पावसाळ्यात राधानगरी अभयारण्य बंद असतं आणि बाहेरची शूटिंगं मंदावतात. तेव्हा आंबोलीचे बेडूक, पठारांवरची फुलं आणि वर्षभर साचलेल्या फायलींच्या कॅप्शन लिहिणं. दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांचे बॉयलर पेटतात, गुऱ्हाळं धूर सोडायला लागतात, शूटिंगची युनिटं गावात उतरतात. चैत्रात जोतिबा, मे संपता संपता काजवे. एकाच प्रकारावर बसून राहिलं तर या चक्रातले कित्येक महिने कोरडे जातात.

सिनेमाचं काम करायचं तर मुंबईला जायला नको का?

करार बहुतेक वेळा मुंबईत किंवा पुण्यात होतात, त्यामुळं भेटीगाठींसाठी जावं लागतंच. पण सिनेमा या गावाला नवा नाही. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री, म्हणजे पुढं पेंटर म्हणून ओळखले गेलेले भाऊ, यांनी सिनेमाचा कॅमेरा इथंच घडवायला घेतला. आनंदराव १९१६ साली गेले आणि बाबूरावांनी ते काम तडीला नेलं. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेल्या माणसांनी १९२९ साली इथंच प्रभात फिल्म कंपनी काढली आणि ती १९३३ साली पुण्याला गेली. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचं आवार म्हणजे त्याच प्रभातचा स्टुडिओ. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ इथला, मोरेवाडीची चित्रनगरी इथली, अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाचं मुख्य कार्यालयही इथंच.

माझ्या कामाशी जवळची गोष्ट अशी की बाबूराव पेंटर स्वतः चित्रकार होते. आपल्या सिनेमांची पोस्टरं ते स्वतः रंगवत आणि फोटो घातलेल्या माहितीपुस्तिका प्रेक्षकांसाठी छापून घेत. सिनेमा थिएटरात पोचण्याआधी त्याचं एक थांबलेलं चित्र लोकांपर्यंत पोचलं पाहिजे, हे इथल्या माणसांना शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. आम्ही स्टिलवाले आज तेच काम करतो.

व्यवहाराचं सांगायचं तर, बाहेरून आलेल्या युनिटला इथलाच स्टिल फोटोग्राफर मिळाला तर त्याचा प्रवास आणि राहण्याचा खर्च वाचतो. पन्हाळ्यावर धुकं कधी दाट होतं, पंचगंगेच्या घाटावर सकाळचं ऊन कुठून येतं, हेही त्याला विचारता येतं. दोन-तीन कामं नीट झाली की कंट्रोलर मंडळी तुमचा नंबर आपापसात देतात. जाहिरातीपेक्षा कामं अशीच जास्त येतात.

राधानगरी, दाजीपूरला फोटो काढायला परवानगी लागते का?

लागते. १९५८ साली गव्यांसाठी राखलेलं हे दाजीपूरचं रान महाराष्ट्रातलं पहिलं अभयारण्य. आता राधानगरी अभयारण्य म्हणून त्याचा पसारा सुमारे ३५१ चौरस किलोमीटर आहे आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत त्याचा समावेश आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणं अभयारण्यात फोटोसाठी जाणं हेसुद्धा वनखात्याच्या परवान्यावरच होतं. साधं पर्यटक म्हणून जाणार असाल तर गेटवर प्रवेश आणि कॅमेऱ्याची फी भरून, स्थानिक गाइडला घेऊन जाता येतं. सिनेमा, जाहिरात किंवा माहितीपटाचं शूटिंग असेल तर वन्यजीव विभागाकडं आधी लेखी अर्ज करा आणि हातात चांगला वेळ ठेवा. ड्रोन गाडीतसुद्धा नेऊ नका.

गाइडचे पैसे कधी वाचवू नका. ही माणसं आसपासच्या वाड्यांतली असतात आणि कुठल्या सड्यावर (कातळपठारावर) कळप कधी येतो हे त्यांना तोंडपाठ असतं. फोटो कुठं छापून आला की त्यांना त्याची प्रत पाठवा आणि शक्य असेल तिथं कॅप्शनमध्ये त्यांचं नाव घाला.

गव्याचा फोटो काळा गोळा येतो. काय करायचं?

गवा काळाकभिन्न आणि पाय गुडघ्यापासून पांढरे. मागं पहाटेचं धुकं किंवा उजळ आभाळ असेल तर कॅमेऱ्याचं मीटर त्या उजेडावर भुलतं आणि जनावर नुसती सावली होतं. तेव्हा एक्स्पोजर थोडं वाढवावं लागतं. उलट तो गर्द झाडीत उभा असून फ्रेमभर तोच असेल, तर मीटर काळ्याला राखाडी करायला बघतं आणि चित्र फिकं पडतं; मग पाऊण-एक स्टॉप कमी करा. रॉ फाइलच, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, घ्या. काळ्या कातडीवरची चमक आणि खांद्याचा उंचवटा हेच त्या जनावराचं रूप, ते सावलीत बुडालं तर फोटोत काही उरत नाही. उन्हं तिरपी असताना बाजूनं आलेला उजेड सर्वांत चांगला.

तंत्रापेक्षा महत्त्वाचं जनावराचं वागणं आहे. गवा अंग आडवं करून उभा राहिला, मान खाली घालून फुरफुरला, तर तो आपलं आकारमान दाखवतोय. तिथंच थांबा आणि मागं सरा. मोठा नर टनाच्या घरात भरतो आणि त्या वजनाला न शोभेल इतक्या वेगानं धावतो.

हल्ली गवे उसाच्या फडांतून शहराच्या वेशीपर्यंत येतात. आजरा-चंदगड भागात हत्तीही येतात. बातमी लागली की मोबाईल काढून शे-दोनशे माणसं मागं धावतात, बिथरलेलं जनावर वाट दिसेल तिकडं घुसतं आणि त्यात माणसांचे जीव गेलेले आहेत. अशा वेळी कॅमेरा घेऊन त्या गर्दीत जाऊ नका. वनखात्याला जागा मोकळी करून देणं हेच तेव्हा फोटोग्राफरचं काम.

घरट्यातल्या पिल्लांचे, बेडकांचे, काजव्यांचे फोटो काढावेत का?

घरट्यांचे काढू नयेत, हे माझं स्पष्ट मत. धनेशाचं उदाहरण घ्या. मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि फक्त चोचीएवढी फट ठेवते. तिचं आणि पिल्लांचं खाणं नर आणून देतो. तुम्ही ढोलीसमोर ठाण मांडलं आणि नर बिचकून लांबच फिरत राहिला, तर आत अख्खं कुटुंब उपाशी राहतं. तुम्हाला मात्र वाटतं, आज पक्षी आलाच नाही. बऱ्याच स्पर्धा आता घरट्यांचे फोटो घेत नाहीत आणि ते योग्यच आहे. आवाजाची रेकॉर्डिंग लावून पक्षी बोलावणं हेही त्याच माळेतलं.

आंबोलीत पावसाळ्याच्या रात्री बेडूक आणि चापडा हा विषारी साप बघायला गर्दी होते. तिथला एक छोटा भेक जगात फक्त आंबोली परिसरातच आढळतो. २००९ साली शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली आणि तो अतिसंकटग्रस्त आहे. त्याला उचलून 'चांगल्या' पानावर ठेवणं, ओळीनं सहा-सात जणांनी फ्लॅश मारणं, चालताना पायाखाली न बघणं हे सगळं होताना मी पाहतो आणि दरवेळी बोलतो. तुम्हीही बोला. दुर्मीळ जीवाचा फोटो टाकताना नेमकी जागा सांगू नका आणि फाइलमधली जीपीएसची नोंद काढून टाका.

काजव्यांना उजेडाचा त्रास होतो, कारण नर-मादीची सगळी बोलणी त्या लुकलुकण्यातूनच होतात. टॉर्चवर लाल कागद लावा, फ्लॅश बंद, गाडीचे दिवे बंद. झाडभर काजवे दिसणारे फोटो बहुतेक वेळा अनेक एक्स्पोजर एकावर एक रचून केलेले असतात. ते करायला हरकत नाही, पण कॅप्शनमध्ये तसं लिहा.

डॉक्युमेंटरी काम म्हणजे नक्की काय? तालमीचे, गुऱ्हाळाचे फोटो तर सगळेच काढतात.

काढतात, आणि सगळ्यांचे फोटो सारखेच दिसतात: उडालेली लाल माती, काहिलीवरची (रस उकळायच्या मोठ्या कढईवरची) वाफ. डॉक्युमेंटरी त्याच्या पुढं सुरू होते. गुऱ्हाळात नीट बघितलंत तर प्रत्येकाचं काम वेगळं असतं. घाण्यावर ऊस घालणारा वेगळा, चुलवाणात (भट्टीत) चिपाड सारणारा जळव्या वेगळा, भेंडीचं पाणी टाकून वर आलेली मळी काढणारा वेगळा. आणि या सगळ्यांचा म्होरक्या गुळव्या, जो नुसत्या उकळीकडं बघून आणि पाक पाण्यात टाकून बोटांनी चाचपून सांगतो की आता काहील उतरवा. तो क्षण थोडाच वेळ टिकतो. तेव्हा वाफेचा फोटो काढत बसलात तर गुळव्याची नजर आणि बोटं हुकतात, आणि गुऱ्हाळाचं सगळं मर्म तिथंच आहे. इथली गुऱ्हाळं कमी होत चालली आहेत, म्हणून हे काम मला तातडीचं वाटतं.

एक तांत्रिक गोष्ट: हिवाळ्यात थंडीतून थेट वाफेत शिरलात तर काच धुरकटते. कॅमेरा बॅगेतच ठेवून बॅगेला आतली ऊब घेऊ द्या, तोवर माणसांशी बोला.

तालमीत पायताण बाहेर, मारुतीला नमस्कार, मग वस्तादांना भेटायचं. गंगावेस असो, मोतीबाग असो, शाहूपुरी असो, पहाटेची मेहनत सुरू असताना परवानगी न घेता कॅमेरा काढायचा नाही. पहिल्या दिवशी तर काढूच नका. हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या, कडेला बसा. ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती माती कशी जपतात, लहान पोरांना डाव कोण दाखवतं, खुराकाचा खर्च कुणाचं घर कसा भागवतं, हे कळलं की कुठं उभं राहायचं ते आपोआप कळतं. १९१२ साली बांधलेल्या खासबाग मैदानात निकाली कुस्ती चालू असते तेव्हा मी पुष्कळदा पाठ फिरवून प्रेक्षकांचे फोटो घेतो, कारण कुस्तीवर या गावाचा किती जीव आहे ते त्या चेहऱ्यांवर दिसतं.

तालमीत ट्यूबलाइट असते आणि आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. शटर त्याहून फार वेगात गेलं की एक फ्रेम पिवळी, एक काळपट. कॅमेऱ्यातलं अँटी-फ्लिकर चालू ठेवा, ३५ मिलिमीटरची उजेड घेणारी लेन्स लावा आणि सकाळ होऊन खिडकीतून ऊन येईपर्यंत थांबा.

लोक फोटो काढू देतात का?

देतात. विचारावं लागतं आणि काढलेला फोटो प्रिंट करून नेऊन द्यावा लागतो. मोबाईलवर पाठवलेला फोटो चार दिवसांत हरवतो, प्रिंट भिंतीवर राहते. लहान पैलवान, ऊसतोड कामगारांची मुलं यांचे फोटो आईवडिलांना विचारल्याशिवाय छापायला देत नाही. आई 'नको' म्हणाली तर तो विषय संपला.

पुराचे फोटो काढायचे का? लोक संकटात असतात.

काढायचे, पण क्रम पाळून. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २००५, २०१९ आणि २०२१ साली पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना पुढं नुकसानभरपाईपासून नदीच्या पूररेषेपर्यंत प्रत्येक भांडणात पुरावा लागतो आणि फोटो हा पुरावा असतो. म्हणून प्रत्येक फोटोला तारीख, वेळ, गल्लीचं नाव आणि पाणी कुठवर होतं याची खूण हवीच.

बचावाच्या बोटीत मात्र फोटोग्राफरनं जागा अडवायची नाही. बोट परतीला रिकामी जात असेल आणि जवानांनी बसा म्हटलं तरच बसा. रडणाऱ्या माणसाच्या तोंडासमोर लेन्स धरायची नाही. पाणी ओसरल्यानंतरचा चिखल, उन्हात वाळत घातलेली वह्यापुस्तकं, गोठ्यातले रिकामे खुंटे यांचे फोटो मला जास्त महत्त्वाचे वाटतात, कारण तोवर वर्तमानपत्रांचे कॅमेरे परतलेले असतात.

सिनेमाच्या सेटवर स्टिल फोटोग्राफर करतो काय? फुटेजमधून फ्रेम काढता येत नाही का?

काढता येते, पण सिनेमाचा शटर साधारण १/५० सेकंदाचा असतो. पडद्यावर हालचाल सलग दिसावी म्हणून ते ठीक. पण तीच फ्रेम थांबवली की हललेला हात पुसट दिसतो. शिवाय पोस्टरला लागणारी उभी चौकट त्या आडव्या फ्रेममधून निघत नाही.

स्टिलवाल्याकडं प्रामुख्यानं तीन कामं असतात. सीनमधले फोटो, दिग्दर्शक आणि तंत्रज्ञ काम करतानाचे फोटो, आणि पोस्टरसाठी वेगळा वेळ काढून केलेलं शूट. कपडे-केस एका शॉटमधून दुसऱ्यात सारखेच राहावेत म्हणून लागणारे कंटिन्युइटीचे फोटो आता सहायक दिग्दर्शक आपल्या फोनवरच घेतात.

सेटवर उभं राहण्याची जागा म्हणजे मुख्य कॅमेऱ्याच्या शक्य तितकं शेजारी, कारण लाइट त्या बाजूनं बघून लावलेला असतो. नटाच्या नजरेच्या रेषेत कधीही यायचं नाही. गडद कपडे घालायचे, पायात आवाज न करणारं काहीतरी. सिंक साउंड असेल, म्हणजे शूटिंग चालू असतानाच आवाज रेकॉर्ड होत असेल, तर सायलेंट शटरशिवाय क्लिक करायचं नाही. पण सायलेंट शटरवर काही एलईडी दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे येतात, म्हणून लाइट लागला की टेकच्या आधी चाचणी घ्या आणि शटरचा वेग जुळवून ठेवा. फ्लॅशचा तर प्रश्नच नाही. सेटवरचा उजेड कॅमेरामनचा. टेकमध्ये जागा मिळत नसेल तर रिहर्सलला फोटो घ्या. नट पूर्ण जोरात करत असतात आणि आवाजाची अडचण नसते. टेक ओके झाल्यावर 'एक मिनिट स्टिलसाठी' मागायचं असेल तर ते पहिल्या सहायक दिग्दर्शकाकडं, थेट नटाकडं नाही.

सेटवरचं काहीही, अगदी जेवणाच्या पंगतीचा फोटोसुद्धा, निर्मात्याच्या होकाराशिवाय बाहेर टाकायचा नाही. एका फोटोनं नटाचा लूक फुटला की त्या माणसाला पुन्हा कुणी बोलवत नाही.

फोटोचा मालक कोण?

हा प्रश्न कामाआधी विचारा. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणं तुम्ही स्वतःहून काढलेल्या फोटोचे पहिले मालक तुम्ही. पण कुणी पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम देणारा असतो. नोकरीत काढलेल्या फोटोंचंही तसंच. म्हणजे दोन ओळींचा करार केला नाही तर हक्क गेला. मी करारात लिहून घेतो की निर्मात्याला सिनेमाच्या प्रसिद्धीसाठी पूर्ण वापर, आणि मला माझ्या कामाच्या नमुन्यात, प्रदर्शनात आणि पुस्तकात वापर. श्रेयनामावलीत नाव येणार आणि ते कसं लिहायचं, हेही कागदावर. २०१२च्या दुरुस्तीनंतर फोटोचा हक्क फोटोग्राफरच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. आज दाजीपूरला काढलेला फोटो तुमच्या नातवंडांच्याही उपयोगी पडू शकतो.

पैसे कशातून मिळतात, खरं सांगा.

जंगलातून सर्वांत कमी. मासिकं, कॅलेंडरं, संस्थांचे अहवाल, प्रिंटची विक्री यांतून जंगलात जायचा खर्च निघाला तरी ते वर्ष चांगलं म्हणायचं. डॉक्युमेंटरीचा हात धरणारे इथं साखर कारखाने, दूध संघ, बँका आणि सामाजिक संस्था आहेत. त्यांच्या वार्षिक अहवालांना आणि स्मरणिकांना चांगले फोटो लागतात. सिनेमाचे पैसे शिफ्टवर ठरतात, पण वेळेवर येतीलच असं नाही. म्हणून काम सुरू होण्याआधी काही रक्कम आणि सगळ्या फायली देण्याआधी उरलेली, हे मी बदलत नाही.

लग्नाची कामं घेतो, आणि आदरानं घेतो. लगीनसराईच्या पैशांवर माझी लांबची कामं उभी राहतात.

बिल नेहमी द्या. काम देणारा कधी १ टक्का तर कधी १० टक्के टीडीएस कापतो. तो आपल्या पॅनवर जमा झालाय का ते बघा आणि परत मिळण्यासारखा असेल तर विवरणपत्र भरून मागा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढं गेली की जीएसटी नोंदणी लागते. बाकी चांगला सीए गाठा.

कॅमेरा कोणता घेऊ?

जो परवडेल तो, वापरलेलाही चालेल. पैसे लेन्सवर आणि जपणुकीवर घाला. आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते आणि एकदा आतल्या काचेला लागली की ती काच पूर्वीसारखी होणं अवघड. ड्राय कॅबिनेट नसेल तर हवाबंद डबा, सिलिका जेल आणि खात्रीचा आर्द्रतामापक, पाच-पन्नास रुपयांचा नको. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचा. जोतिबाला गुलालात लेन्स बदलू नका, तोंडानं फुंकू नका, ब्लोअर वापरा.

फायली कशा जपायच्या?

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. हा नियम जगभर सांगतात, पण ज्या गावात शाहूपुरीत पाणी चढतं तिथं 'दुसरं ठिकाण' म्हणजे उंचावरच्या भागातलं नातेवाइकाचं घर असं समजा आणि हार्ड डिस्क कधीच तळमजल्यावर ठेवू नका. फाइलच्या नावात तारीख आणि गाव, कॅप्शन मराठीत युनिकोडमध्ये, माणसांची नावं विचारून लिहिलेली. ऑगस्ट २०२४ मध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हा आतल्या लाकूडकामाचे जुने फोटो किती मोलाचे आहेत हे सगळ्या गावाला कळलं.

मुलींना हे काम जमेल का?

जमतं. भारतातल्या पहिल्या महिला प्रेस फोटोग्राफर होमाई व्यारावाला यांनी स्वातंत्र्याच्या आधीपासून दिल्लीत हे काम केलं. इथल्या अडचणी खऱ्या आहेत: पहाटेचा प्रवास, पुरुषांनी भरलेली तालीम, सेटवर कपडे बदलायला जागा नसणं. वस्तादांशी आधी फोनवर बोला, जंगलात ओळखीचा गाइड घ्या, आणि सेटवर राहण्याची सोय काय आहे ते करारातच विचारा. कुस्ती खेळणाऱ्या मुली आता इथं पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या वसतिगृहात, घरांत एखादी फोटोग्राफर जितकी सहज जाईल तितका मी जाऊ शकत नाही. ते काम मला बघायचं आहे.

तुमच्याबरोबर शिकायला येऊ का?

या, एका वेळी एकजण. सेटवर नेता येणार नाही, तिथं निर्मात्याची परवानगी लागते. येण्याआधी निवडक दहा सुंदर फोटो पाठवू नका. तुमच्या गल्लीतली, तुमच्या गावातली एकच जागा निवडा. लोहाराचं दुकान, दूध डेअरी, रंकाळ्याचा एखादा कोपरा, काहीही चालेल. तिथं वेगवेगळ्या वेळी जा आणि वीसेक फोटो कॅप्शनसह आणा. कॅप्शनमध्ये माणसाचं पूर्ण नाव, तो काय करतोय आणि हातातल्या वस्तूला तिथली माणसं काय म्हणतात, एवढं असू द्या. नाव विचारलेलं नसेल तर परत जाऊन विचारून या, मग आपण बसू.